वाहतं पाणी

ऑफिसांच्या चौकात स्टीलचे तीन उंच, वाकवलेले पत्रे उभे आहेत आणि त्यांवरून पाणी ओघळतं. हे आमचं कारंजं. पंप माझ्याकडे, पुसणं बायकोकडे.

रोज सकाळी पंप बंद करून पत्रे पुसायचे, नाहीतर पाण्याचे डाग धरतात. कोरडा पत्रा आरशासारखा होतो.

मागच्या सोमवारी त्या आरशात मी दिसलो, मागचे बाक दिसले. शेजारी पुसत असलेली बायको दिसली नाही. फडकं एकटंच हलत होतं.

येत्या गुरुवारी तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे. हे तिच्या नजरेला पडू नये, म्हणून मी पंप बंद करणंच सोडलं. वाहत्या पाण्यात कुणाचंच तोंड धड दिसत नाही. तिनंही का म्हणून विचारलं नाही.

डाग पडले. आज मुकादम वैतागला. “म्हातारबा, झोपेत काम करता का?” म्हणत पंप बंद करायला स्वतःच बटणाकडे निघाला.

माझ्याआधी बायको आडवी गेली. “राहू दे रे बाबा, उद्या घासून काढते.” तो पुटपुटत निघून गेला.

तिनं ओले हात पदराला पुसले. “तुम्हाला सांगणार नव्हते,” ती म्हणाली. “गेल्या सोमवारी त्या पत्र्यात मी एकटीच दिसले. तुम्ही नव्हता.”