आतून कसं उघडायचं?

“वेबसाइट ही इंजिनिअरच्या मेंदूला लागलेली वाळवी आहे!” मोठे साहेब गरजले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला. वाक्य जोरदार होतं. साहेबांनी ते सकाळीच एका वेबसाइटवरून उतरवून घेतलं होतं, आणि मग नेटवर्कवाल्याला बोलावून ऑफिसातल्या यच्चयावत वेबसाइट बंद करायला लावल्या होत्या.

“सगळ्या?” नेटवर्कवाल्याने विचारलं होतं.

“सगळ्या. अपवाद केला की शिस्त मेली.”

त्यामुळे स्क्रूची मापं सांगणारी वेबसाइट गेली. दातेरी चाकं एकमेकांत कशी फिरतात ते हलत्या चित्रांत दाखवणारी गेली. बाजारातून हद्दपार झालेले सुटे भाग कुठे मिळतील ते सांगणारी गेली. फोनवर चोरून कुणी काही बघू नये म्हणून साहेबांच्या काचेच्या केबिनबाहेर स्टुलावर टोपली आली. आत येणाऱ्याने फोन तिच्यात टाकायचा. आदर्श घालून द्यायला साहेबांनी स्वतःचे दोन्ही फोन सर्वांत आधी टाकले.

हा सगळा खटाटोप एका बाईसाठी होता. ती कंपनीच्या नव्या कुलपावर काम करणारी इंजिनिअर. साहेब तिला शंकासुरबाई म्हणत.

कुलूप मात्र देखणं होतं. किल्ली नाही, भोक नाही, नुसती काळी चकचकीत पट्टी. कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, आकडा टाकायचा, दार उघडतं. मूळ आराखड्यात आतल्या बाजूला एक मूठ होती. साहेबांनी ती काढायला लावली. सुंदर चेहऱ्यावर मस असावा तशी ती त्यांना खुपत होती.

“पण साहेब, आतून कसं उघडायचं?” शंकासुरबाईंनी विचारलं.

“अहो बाई, माणूस आत येतो तो कामाला येतो. अडकायला येतो का?”

यावर गप्प बसावं की नाही? पण बाईंनी पुढच्या मीटिंगमध्ये पडद्यावर एक वेबसाइट लावली. जगभरचे इंजिनिअर आणि वस्तू घडवणारे लोक तिच्यावर फसलेल्या वस्तूंचे फोटो टाकतात. वाफ थेट धरणाऱ्याच्या बोटांवर सोडणारी किटली. भिंतीत जाऊन संपणारा जिना. आणि शेवटी एक अतिशय देखणं, बिनमुठीचं काचेचं दार, त्याच्यामागे सुटाबुटातला एक गृहस्थ, रडवेला. मीटिंग हसून लोळली. विक्रीप्रमुखांना तर ठसका लागला. साहेब हसले नाहीत. शेवटचं दार त्यांना ओळखीचं वाटलं होतं.

आरोप ठरला : कामाच्या वेळेत करमणूक. आज त्याची सुनावणी होती. न्यायासनावर साहेब, साक्षीला विक्रीप्रमुख आणि नेटवर्कवाला. दुपारी कुलपाची मोठी गिऱ्हाइकं येणार होती, त्यांच्या आधी घर साफ व्हायला हवं होतं.

“बाहेर बसा आणि माफीनामा लिहा,” साहेबांनी निकाल दिला. “करमणुकीत कंपनीचा वेळ वाया घालवला. यापुढे ऑफिसात एकही वेबसाइट उघडणार नाही. नाहीतर उद्यापासून यायचं नाही.”

बाईंच्या घरात पगार एकच येत होता, तो बाईंचा. त्या उठल्या, उघड्या दारातून बाहेर आल्या. मागे दार लागलं. टक्.

“वा! आवाज काय गोड आहे!” विक्रीप्रमुख म्हणाले. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कुलूप सकाळीच या दाराला बसवलं होतं.

भाषणाच्या भरात साहेबांनी बरंच पाणी रिचवलं होतं. पाहुणे यायच्या आत एक चक्कर टाकून यावी म्हणून ते दाराशी गेले. त्यांचा हात गुळगुळीत काचेवरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

“उघड रे,” ते नेटवर्कवाल्याला म्हणाले.

नेटवर्कवाल्याने टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खटपट केली. “होत नाही, साहेब. बंद केलीय.”

“कुणी?”

“तुम्ही. तीपण वेबसाइटच आहे.”

“मग चालू कर!”

“त्याचं यंत्र बाहेरच्या खोलीत आहे, साहेब.”

विक्रीप्रमुखांनी सवयीने खिशात हात घातला. त्यांचा फोन टोपलीत होता. तिघांनी काचेतून टोपलीकडे पाहिलं. बाकीची मंडळी पाहुण्यांच्या स्वागताला खाली गेली होती. टोपलीशेजारी बाकावर एकट्या शंकासुरबाई बसल्या होत्या आणि मान खाली घालून लिहीत होत्या.

साहेबांनी काच वाजवली. “बाई! दार उघडा!”

“कसं, साहेब?”

“कसं म्हणजे? वेबसाइटवरून!”

बाईंनी हातातला कागद काचेला लावला. “पण यापुढे एकही उघडणार नाही, असं लिहून झालंय. फक्त सही राहिलीय.”

“फाडा तो कागद!” साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. “कुणी माफी मागितलीय तुमच्याकडे? नोकरी कुठे जात नाही तुमची, या दोघांसमोर सांगतो. ताई, पाहुणे आले हो. तेवढी वेबसाइट उघडा!”

नोकरीला लागल्यापासून साहेबांनी बाईंना ताई म्हटलं नव्हतं. बाईंनी कागदाचे शांतपणे चार तुकडे केले. टोपलीत हात घालून आपला फोन शोधून काढला. तिकडे लिफ्टचा दिवा लागला. साहेबांनी काचेला नाक लावलं, दोन्ही तळवेही लावले. त्यांच्या मागून विक्रीप्रमुख आणि नेटवर्कवाला डोकावले.

“उघडली का, ताई?”

“उघडली, साहेब.” बाईंनी फोन डोळ्यांसमोर धरला, एक पाऊल मागे सरकल्या. “जरा डावीकडे होता का? कुलूप फोटोत येत नाहीये.”