लेकीच्या गल्लीतलं हॉटेल

"इथं चांगलं शाकाहारी हॉटेल कुठं हाये जी?"

केवळराम शेजारच्या गिरजाबाईला विचारत होते. आत चुलीपुढे बसलेल्या सुलोचनाच्या हातातली पळी थांबली. बाप तिचा, उभा तिच्याच दारात, आणि जेवायला हॉटेल शोधतोय! गिरजाबाईच्या कानी गेलं म्हणजे तुमसरभर दवंडी पिटली गेली.

ती पदर खोचून बाहेर आली. "बाबा, वांग्याची भाजी झाली, भात होऊन राहिला. हॉटेल काहून पाहिजे?"

"तुले काय मालूम नाही, बाई?" केवळरामांनी नजर चुकवली. "लेकीले लेकरू होयपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घेऊ नाही. आपली रीत हाये."

गिरजाबाईने 'च्च' केलं. सुलोचनाच्या अंगाची लाही लाही झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूनेही कधी चारचौघांत असं बोलून दाखवलं नव्हतं.

"सकाळी एसटीनं चिन्नोरचं पोतं कोणं आणलं? तुमीच न? त्याच तांदळाचा भात हाये. तुमच्याच वावरातला."

"पण शिजला तुझ्या चुलीवर," केवळराम म्हणाले आणि धोतर सावरत पायऱ्या उतरले.

ती दारातून बघत राहिली. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून म्हाताऱ्याला कुठेही बसणं जमेना. नाक्यावरच्या हॉटेलात काउंटरवर अंडी रचलेली, तिथून ते फिरले. पुढच्या हॉटेलात तळलेल्या मासोळ्यांचा वास, तिथून नाकाला उपरणं लावून बाहेर आले. वाटेत भेटेल त्याला विचारत होते, आणि प्रत्येकजण विचारणाऱ्याकडे बघून मग वळून सुलोचनाच्या दाराकडे बघत होता. शेवटी ते तिच्या घरासमोरच्याच भैय्यालालच्या शाकाहारी भोजनालयात शिरले.

भाताचं पातेलं उचलावं आणि नालीत ओतावं, असं तिला वाटलं. पण अन्नाचा काय दोष? तिने भातावर झाकण ठेवलं आणि होती तशी रस्ता ओलांडून गेली.

भैय्यालालकडे बाईमाणूस कधी जेवायला येत नसे. तिला पाहून त्याने ट्रान्झिस्टर बंद केला. ती सरळ बापासमोरच्या बाकावर बसली.

"भैय्यालालजी, मलेही ताट द्या."

"सुलोचना, घरी जाय," केवळराम दबक्या आवाजात म्हणाले. "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. तुमी गल्लीभर विचारत फिरले, तवा नाही पाहिलं त्यायनं?"

ताट आलं. तिने वरणभात कालवला, पहिला घास गिळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बाबा, रीत हाये त दोघायलेही हाये. दिवाळीले मी येईन सानगडीले. पण तुमच्या घरचं नाही खाणार. एखादं चांगलं शाकाहारी हॉटेल पाहून ठेवजा."

केवळरामांचा घास हातातच राहिला. सानगडीत हॉटेल नव्हतं.

लेक मान खाली घालून जेवत होती. तिच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडे, तिच्या घराचं दार सताड उघडं होतं.