अंगठ्याचं नख

नऊ बोटांची नखं मी मामीला कापू दिली. उजवा अंगठा मुठीतच ठेवला. हळदीआधी नखं कापायची असतात, पण हे नख माझं हत्यार होतं. सुरतेबाहेर कपाशीच्या बियाण्याच्या शेतावर संध्याकाळी मी याच नखानं कळीतले पुंकेसर सोलून काढायची, म्हणजे कळी स्वतःचं बी धरत नसे. सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिला लावले, की संकरित बियाणं तयार. “नवरीला असलं नख शोभतं का? उघड मूठ!” मामी ओरडली. तेवढ्यात बमरोलीहून सासूबाई उष्टी हळद घेऊन आल्या. मी मूठ आवळली. त्यांनी ती अलगद उघडून अंगठा सगळ्या बायकांना दाखवला. “हिला बघायला घरी येण्याआधी मी गुपचूप शेतावर गेले होते. हे नख चालताना पाहिलं, मगच मागणी घातली,” त्या मामीला म्हणाल्या. “याला हात लावलात, तर हळद परत नेईन.”