कपिलेचं नवं पोट

कपिला सकाळपासून रवंथ करत नव्हती. इंदुमतीनं काल कौतुकानं घातलेलं हिरवं गवत तिच्या पोटात तसंच पडून होतं.

इंदुमतीचा थोरला भाऊ भास्कर जनावरांचा डॉक्टर होता. वर्षापूर्वी त्यानंच गावातल्या गाईंना एका पशुखाद्य कंपनीच्या नव्या जिवाणूंचा डोस पाजला होता. दूध दीडपट झालं होतं.

भास्करनं कपिलेच्या कुशीला कान लावला. "हे जिवाणू फक्त कंपनीच्या खाद्यावर जगतात. गवत पचवणारे जुने त्यांनी मारून टाकले. आता तिला गवत पचायचं नाही."

"हे तुला तेव्हाच ठाऊक होतं, दादा?"

तो कपिलेची कूस चोळू लागला. "डोस न घेतलेल्या निरोगी गाईच्या पोटातलं पाणी पाजलं तर जुने जिवाणू परत येतील. पण तशी गाय..." तो अडखळला.

त्याच्या दोन्ही गाई रोज ओढ्याकाठी गवत खाताना इंदुमती पाहत आली होती.

"तुझ्या गाईंना तू डोस दिलाच नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली.

"गावात बोलू नकोस, इंदू. मी तोंड दाखवू शकणार नाही."

इंदुमतीनं त्याच्याच गोठ्यातल्या गाईच्या पोटातलं बादलीभर पाणी काढून घेतलं आणि नळीनं कपिलेला पाजलं. चौथ्या दिवशी कपिला रवंथ करू लागली. त्याच संध्याकाळी इंदुमती डेअरीवर गेली. दूध घालायला आलेल्या बायकांना तिनं सगळं सांगितलं.

"बादल्या घेऊन माझ्या भावाच्या गोठ्यात जा," ती म्हणाली. "गावात धड पोटाच्या गाई तेवढ्या त्याच्याकडेच आहेत."