वाटीभर दही

काटा अठ्ठ्याण्णववर थांबला. शिंप्याने खिशातली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा काट्यावर चढला. अठ्ठ्याण्णवच.

"कात्रीचा काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "पंच्याऐंशीवर या, मग ऑपरेशनचं बोलू."

शेजारच्या खुर्चीत त्याची थोरली बहीण बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. भावाचं एक तिला चालणार होतं, सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. आडवी आली होती ती भावाची ढेरी.

"आहे तसंच घेतलं तर?" ताईने विचारलं.

"तर ह्यांचं राहिलेलं एकही पुढे धोक्यात येईल. वजन आहे, त्यात रक्तदाब. मी हात लावणार नाही."

"आणि वजन उतरलं तर ह्याला काहीच होणार नाही?"

"धोका कमी होईल. अजिबात नाही, असं कसं म्हणू? पण चार महिन्यांत काय ते करा. त्यापुढे तुमचं हृदय ऑपरेशन सोसेल असं वाटत नाही."

ताईने मान डोलावली आणि पिशवी उचलली.

ती त्याला अजून बारक्याच म्हणायची. जन्मला तेव्हा मूठभर होता. आई लवकर गेली, मग तिनेच त्याला वाढवलं. "बारक्या, जेवलास का?" हे तिने जितक्यांदा विचारलं असेल तितके टाके त्याने उभ्या जन्मात घातले नसतील.

घरात साखर बंद झाली, तळण बंद झालं. रात्रीचं जेवण सातला. दिवस कसाबसा निघायचा, पण अकरा वाजले की पोटात कावळे ओरडायला लागायचे. तिसऱ्याच रात्री ताईने त्याला बिस्किटांच्या डब्यात हात घातलेला पकडला.

"चोरून खाण्यापेक्षा माझ्यासमोर खा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिसहून येताना तिने हॉस्पिटलसमोरच्या डेअरीतून दह्याचा डबा आणला. फॅट नसलेलं दही. त्याला चष्मा लावायला सांगून तिने लेबल मोठ्याने वाचून घेतलं. त्यानंतर रोज रात्री अकराला तो स्वयंपाकघरात यायचा, तेव्हा ताईने टेबलावर वाटी तयार ठेवलेली असायची. दही, किसलेली काकडी, वर जिरेपूड. दिवसभर अर्धपोटी राहिलेल्या माणसाला ते अमृत लागायचं. ताईला दही चालत नव्हतं, तिचं पाणीसुद्धा मोजून होतं. ती समोर बसून त्याला खाताना बघायची.

"डबे मी आणत जाईन ना," त्याची बायको म्हणायची. "हाताला पट्टी असताना ओझं कशाला उचलता?"

"एवढं तरी करू दे गं मला. नुसती बसून असते."

महिन्याने काटा साडेअठ्ठ्याण्णववर गेला.

शिंप्याच्या मनात पाल चुकचुकली. बायकोने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, "आपल्याला दोन मुलं आहेत. मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू?" आता तो जेवताना तिच्या हाताकडे बघायला लागला.

"भाजीत तेल किती घालतेस?" त्याने एकदा विचारलंच.

बायकोने तेलाची बाटली आणून त्याच्यापुढे आदळली. कानामागचा त्याचा खडू काढून त्याच्या हातात दिला. "मारा रेघ."

त्याने मारली. आठवड्यात तेल बोटभरही खाली गेलं नाही. काटा मात्र नव्व्याण्णववर गेला. बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"तिला बोल लावू नकोस," ताई त्याला म्हणाली. "तिचा ह्यात काही संबंध नाही."

मग तो पहाटे चालायला लागला. घामाघूम होऊन यायचा. दोन रात्री त्याने वाटीही नाकारली, तर ताई रागावली. "उपाशी राहशील आणि पुन्हा बिस्किटांवर तुटून पडशील. दही खाऊन कोणी जाड होत नसतं." त्याने मुकाट्याने चमचा उचलला.

एका संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याने स्वतःच्या पँटची कंबर उसवली आणि अर्धा इंच वाढवली. हजारोंच्या कमरा मोजल्या त्याने, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती.

चौथा महिना भरला. काटा एकशे एकवर थांबला.

"रात्री काही खाता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाटीभर दही. फॅट नसलेलं."

डॉक्टरांनी फाइल ओढली. ताईच्या हृदयाचा रिपोर्ट वाचला आणि फाइल मिटली. "आता ऑपरेशन नाही करता येणार. डायलिसिस चालू ठेवू. जेवढे दिवस निघतील तेवढे."

बाहेर पायऱ्यांवर शिंपी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"माझ्या जिभेने घात केला, ताई. एवढंसं काम होतं, तेही मला जमलं नाही."

ताईने रुमालाने त्याचे डोळे पुसले. स्वतःचे पुसायला तिला रुमाल लागला नाही. "वेडा आहेस," ती म्हणाली. "जा, दुकान उघड. गिऱ्हाईकं खोळंबली असतील. मी येते हळूहळू."

तो वळणाआड जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग रस्ता ओलांडून डेअरीत गेली.

"या ताई," डेअरीवाला फ्रिज उघडत म्हणाला. "नेहमीचंच ना? एक दह्याचा डबा आणि दोन मलईचे?"

"दहीच दे फक्त," ताई म्हणाली. "मलई आता नको."