दुसरा नारळ

सत्त्याण्णव साली मुंबईच्या हॉटेलाने कीबोर्ड आणला आणि जॅझ बँडमधल्या माझ्या पद्माकरला घरी पाठवलं. पिकल्या केसांनी तो अर्नाळ्याला परतला, टेम्पोत माणसाहून उंच डबल बास, ते जाड तारांचं लाकडी वाद्य घेऊन. “आये, विकून टाकतो हे.” मुलाने होडी सोडली, या रागापायी त्याच्या बापाने ते वाद्य कधी ऐकलं नव्हतं. आज जाळं खाली ठेवून त्याने लाकडावर हात फिरवला. “पोट होडीचंच हाय रं! वल्हं कुठं?” पद्माकर हसला नाही. पावसाळ्याआधी होडी वाळूवर वर ओढून शाकारली, तेव्हा जुनं शीड म्हाताऱ्याने वाद्यावर पांघरलं. “वर घेतली म्हनून होडी कुनी विकतं काय?” नारळी पुनवेला त्याने दोन नारळ घेतले. एक समुद्राला वाहिला. दुसरा वाद्यापुढे ठेवला, शीड काढलं आणि भिंतीला टेकून बसला. “सोड आता पान्यात,” तो म्हणाला. “मी ऐकतो.”