पुढे काही नाही

जाण्याच्या आदल्या दिवशी बाबा फोनवर एका शिक्षिकेला समजावत होते. बाबांची उंटाची कविता शाळाशाळांतली पोरं घसा फोडून म्हणतात.

"अहो बाई, कसला अर्थ? पोरगी दुपारची झोपेना, म्हणून रचत गेलो. 'उंट चढला शिडीवर, छत्री धरली दाढीवर.' तेवढ्यात तिचा डोळा लागला. मग 'पुढे काही नाही' म्हटलं आणि सुटलो."

फोन ठेवून ते नेहमीसारखे माझ्याकडे वळले. "दोन ओळींत झोपवलं तुला. तुझ्या आईला दोन तास लागायचे."

चाळीस वर्षं मी ही फुशारकी ऐकत होते. चहा गाळत "हो, बाबा" म्हटलं.

बाबांच्या शोकसभेत एका समीक्षकांनी उंटाला पार संतपदाला नेऊन बसवलं. शिडी म्हणजे आयुष्य, छत्री म्हणजे अहंकार आणि 'पुढे काही नाही' म्हणजे मृत्यूचा निर्भय स्वीकार.

आत्या माझ्या कानाशी लागली. "दादा असलं काही बोलायचा का गं घरी?"

"नाही गं. उंटानेच परस्पर सांगितलं असेल."

मग माझं नाव पुकारलं. चार पानी भाषण लिहून नेलं होतं, ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि बाबांच्या फोटोकडे वळले.



"बाबा, त्या दुपारी मी झोपले नव्हते, कंटाळून सोंग घेतलं होतं. आता सांगा, पुढे काय झालं उंटाचं?"